पालाश शून्य : प्रोग्रामिंग भाषा शिकताना उलगडलेली खतमात्रा

गव्हाच्या पेरणीचे दिवस होते. आमच्या कृषी विज्ञान केंद्राच्या शेतकरी गटातील एक ताई केंद्रात आल्या, मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या ॲपनं पोटॅश शून्य दाखवलंय. यंदा टाकायचंच नाही का?" पडद्यावर एक हेक्टर बागायती गव्हाचा हिशेब होता : डीएपी १०० किलो, युरिया २०० किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ० किलो.

ते ॲप मीच तयार केले होते. त्याची चाचणी आवृत्ती आठवडाभरापासून गटातील काही शेतकऱ्यांच्या फोनवर होती आणि तोपर्यंत कोणीही तक्रार केली नव्हती. याचे कारण नंतर लक्षात आले. आमच्या भागात गव्हाला पोटॅश न देण्याची सवय जुनी आहे. ॲपचे उत्तर त्या सवयीशी जुळले. डीएपीच्या नेमक्या दोन गोण्या, युरियाचा आकडाही पूर्ण शंभरात. शंका यावी असे त्यात काही दिसत नव्हते. ताईंच्या हातात मात्र जमीन आरोग्य पत्रिका होती आणि तीत पालाशासमोर 'कमी' असे छापलेले होते.

वाचकांनी हे गणित कागदावर करून पाहावे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश ही सर्वपरिचित शिफारस आहे. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद, युरियात ४६ टक्के नत्र आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. ६० किलो स्फुरदासाठी सुमारे १३० किलो डीएपी लागते. त्यातून साडेतेवीस किलो नत्र मिळते, उरलेल्या नत्रासाठी सुमारे २१० किलो युरिया लागतो, आणि पालाशासाठी सुमारे ६७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. ॲपने सांगितलेल्या डीएपीत स्फुरद १४ किलोंनी कमी पडत होते आणि पालाश तर मुळीच नव्हते.

गटातील दोघांनी त्या आकड्यांवर पेरणी उरकली होती. त्यांच्या बांधावर जाऊन चूक माझी असल्याचे सांगितले. पालाश पहिल्या पाण्यासोबत देता आले. स्फुरदाची तूट मात्र तशीच राहिली. ते जमिनीत फारसे हलत नाही, पेरणीच्या वेळीच मुळांच्या कक्षेत पडावे लागते, हे मीच प्रशिक्षणात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

ही चूक कशी झाली आणि ती शोधताना आपल्याच शिफारशींबद्दल काय कळले, ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी नाही. कृषी पदवीधर आहे आणि विस्ताराच्या कामात आहे. विस्तार कार्यकर्त्याने प्रोग्रामिंग भाषा शिकावी का, असा प्रश्न अनेक सहकारी विचारतात. शिकावी, असे माझे मत आहे. पण त्यामागचे कारण सुरुवातीला मला वाटले होते त्याहून वेगळे निघाले.

ठोकळ्यांपासून कोटलिनपर्यंत

सुरुवात एका कंटाळ्यातून झाली. प्रत्येक हंगामात तोच प्रश्न फोनवर पन्नास वेळा येतो : माझ्या एवढ्या क्षेत्राला कुठल्या खताच्या किती गोण्या? उत्तराला दोन मिनिटे लागतात. पण शेतात रेंज नसते, दुकानात गर्दी असते आणि दुकानदार स्वतःचे उत्तर तयार ठेवून असतो. इंटरनेटशिवाय चालणारे, मराठीत बोलणारे, आमच्याच भागातील सात-आठ पिकांपुरते एखादे छोटे साधन असावे, एवढीच कल्पना होती.

ॲप बनविण्यापूर्वी जे आहे ते पाहून घ्यावे. हवामान आधारित सल्ल्यासाठी 'मेघदूत' २०१९ पासून उपलब्ध आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांचा तो एकत्रित प्रयत्न आहे. त्याची नक्कल करण्यात अर्थ नव्हता. केवळ हिशेबच हवा असेल तर स्प्रेडशीटही पुरते, आणि अनेकांनी तेथेच थांबावे हे उत्तम.

पहिले ॲप मी 'ॲप इन्व्हेंटर'वर केले. गूगलने २०१० मध्ये सुरू केलेले हे साधन पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेकडे गेले व आजही विनामूल्य आहे. त्यात काही टाइप करावे लागत नाही. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली तयार होते. तीन-चार रविवारांत गव्हाचा हिशेब फोनवर दिसू लागला, आणि तो अचूक होता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढील घटनेचे मूळ येथेच आहे.

पिके वाढली तसा ठोकळ्यांचा गुंता झाला. माती परीक्षणाचे अहवाल साठवून ठेवायचे तर तो आणखी वाढणार होता. म्हणून अक्षरांनी लिहायच्या भाषेकडे वळलो आणि कोटलिन निवडली. जेटब्रेन्स या कंपनीने ही भाषा २०११ मध्ये जाहीर केली. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१६ मध्ये आली, २०१७ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून नव्या अँड्रॉइड ॲपसाठी तिलाच पहिली पसंती दिली. कोटलिन हे रशियातील सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचे नाव आहे. त्याआधीची प्रचलित भाषा जावा. बेटाचे नाव तिथेही आहेच. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी एकदाच लिहायचे असेल तर डार्ट भाषा आणि फ्लटर हा पर्याय चांगला आहे. आमच्या गटात आयफोन एकाकडेही नव्हता, त्यामुळे हा प्रश्न उद्भवला नाही.

साधनांविषयी थोडक्यात. अँड्रॉइड स्टुडिओ हे विकासाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, पण त्याला किमान ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप लागतो. केंद्रातील जुन्या संगणकावर ते उघडेपर्यंत चहा पिऊन होत असे. संगणकावरील आभासी फोन वापरण्यापेक्षा आपलाच फोन केबलने जोडणे हलके पडते. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवावे लागते. मग विकसकांसाठीचे पर्याय उघडतात आणि त्यांतील यूएसबी डीबगिंग सुरू करता येते. केवळ भाषा शिकायची असेल तर लॅपटॉपही नको. कोटलिन प्लेग्राउंड या संकेतस्थळावर फोनच्या ब्राउझरमध्येही आज्ञा लिहून लगेच तपासता येतात.

माझा पहिला महिना वाया गेला, कारण तो पडद्याच्या सजावटीत गेला. बटणाचा हिरवा रंग कोणता असावा यावर मी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात आकडेमोडीचे सर्व नियम शिकून झाले असते. नव्याने शिकणाऱ्यांनी आधी हिशेब लिहावा, पडदा नंतर. संख्या नावाने साठविणे, अट घालणे, एकच हिशेब पुन्हा वापरता येईल असे कार्य लिहिणे आणि यादीतून एकेक गोष्ट घेणे, एवढे जमले की कृषी सल्ल्याची बहुतेक गणिते लिहिता येतात. बाकीचे गरज पडेल तसे शिकावे.

भागाकाराचा फरक

आता त्या शून्याकडे वळू. ठोकळ्यांच्या ॲपमध्ये सूत्र असे होते : ६० भागिले ४६ गुणिले १००. तेच मी कोटलिनमध्ये जसेच्या तसे उतरविले. पण कोटलिनमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच असतो. दशांश भाग गळून पडतो, तोही जवळच्या संख्येत न बदलता सरळ कापला जातो. ६० भागिले ४६ म्हणजे १, गुणिले १०० म्हणजे १००. आले डीएपी. त्यातील १८ किलो नत्र वजा जाता उरले १०२. भागिले ४६ म्हणजे २, गुणिले १०० म्हणजे २००. आला युरिया. आणि ४० भागिले ६० म्हणजे शून्य, त्याला कितीही गुणा.

भाषेच्या दृष्टीने हा दोष नाही. जावा, सी आणि इतर अनेक भाषांचा हाच नियम आहे व तो पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असतो. मीही तो वाचला होता. संगणकाने कोठेही लाल रेघ दाखविली नाही, कारण लिहिलेले व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. उपाय एका बिंदूचा : ४६ ऐवजी ४६.० लिहिले की हिशेब दशांशात होतो.

पण खरी चूक भागाकारात नव्हती. नवी आवृत्ती शेतकऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी मी तिचे उत्तर कागदावरच्या उत्तराशी ताडून पाहिले नाही; ॲप उघडते आहे, बटण चालते आहे, एवढेच पाहिले. ज्या दिवशी ताई आल्या त्याच दिवशी आमच्या केंद्रातील मृदाशास्त्राच्या सहकाऱ्यांनी एक वही काढली आणि हाताने सोडविलेली वीस उदाहरणे लिहून दिली : पीक, क्षेत्र, अहवालातील आकडे आणि अपेक्षित उत्तर. ती उदाहरणे आता आज्ञावलीचा भाग आहेत. अशा स्वयंचलित चाचण्या लिहिण्याची सोय अँड्रॉइड स्टुडिओत असते. कोठेही एक अक्षर बदलले तरी वीसही उदाहरणे पुन्हा सोडविली जातात आणि एकाचे जरी उत्तर वहीशी जुळले नाही तरी काम अडते. ॲप बनविणाऱ्या कोणालाही मी पडद्याचे चित्र विचारत नाही, आधी ही वही विचारतो.

सव्वादोन की दोन एकर वीस गुंठे

वहीतील उदाहरणे लिहिताना पहिला वाद क्षेत्रावरून झाला. आमचे केंद्र महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगत आहे. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एका हेक्टरचे १०० आर, त्यामुळे १ हेक्टर २० आर हे १.२० असे लिहिले तरी हिशेब बिघडत नाही. पलीकडच्या गावांतील पहाणीपत्रकावर मात्र एकर-गुंठे असतात आणि बोलण्यातही सगळीकडे एकर-गुंठेच चालतात. एका एकराचे गुंठे चाळीस. शेतकरी दोन एकर वीस गुंठे हे क्षेत्र सहजपणे २.२० असे टाइप करतो. संगणक ते दोन पूर्णांक वीस शतांश एकर असे वाचतो. प्रत्यक्षात ते अडीच एकर आहे. खत आठव्या हिश्शापेक्षा थोडे कमीच पडणार आणि कोणाला कळणारही नाही.

आपण माणसांशी बोलतो तेव्हा हा घोटाळा होत नाही, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. आज्ञावलीला तो सांगावा लागतो. शेवटी एकरासाठी एक आणि गुंठ्यांसाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र चौकटी ठेवल्या, गुंठ्यांच्या चौकटीत ३९ पेक्षा मोठी संख्या नाकारली, आणि खाली 'म्हणजे अडीच एकर' असे शब्दांत उत्तर दाखविले. गुजरात, मध्य प्रदेश वा उत्तर भारतात काम करणाऱ्या मराठी वाचकांनी बिघ्याच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. बिघा प्रांतागणिक, कधी कधी जिल्ह्यागणिक बदलतो. तेथे एकच रूपांतर गृहीत धरून ॲप लिहिणे धोक्याचे आहे.

रिकामी चौकट

कोटलिनची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ती 'माहिती नाही' या स्थितीला गांभीर्याने घेते. संगणकाच्या जुन्या भाषांमध्ये एखादी किंमत रिकामी असली तरी ती आहे असे धरून आज्ञावली पुढे जाई आणि मध्येच कोसळे. ही रिकाम्या संदर्भाची कल्पना १९६५ मध्ये प्रथम आणणारे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी २००९ मध्ये तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. कोटलिनमध्ये एखादी किंमत रिकामी असू शकते हे प्रश्नचिन्ह लावून आधीच जाहीर करावे लागते, आणि मग ती रिकामी असेल तर काय करायचे हे सांगितल्याशिवाय भाषा पुढे जाऊ देत नाही.

या प्रश्नचिन्हाशी आपला संबंध रोजचा आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बारा घटक तपासले जातात : सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या हातातील कागदावर एखादी ओळ कोरी असते, एखादा आकडा पुसट असतो, किंवा पत्रिका घरी राहिलेली असते. कोरी ओळ म्हणजे शून्य नव्हे. परंतु भाषेने अडविल्यावर मी सोयीचा मार्ग काढला. रिकामे असेल तर अमुक किंमत घे, असे सांगण्यासाठी कोटलिनमध्ये प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम यांचे एक जोडचिन्ह आहे. आडवे पाहिले तर ते एल्व्हिस प्रेस्ली या गायकाच्या केशरचनेसारखे दिसते, म्हणून त्याला एल्व्हिस म्हणतात. मी तेथे एल्व्हिस बसवला आणि पुढे शून्य लिहिले. परिणाम असा की ज्याच्या पत्रिकेत पालाश तपासलेलेच नाही, त्याच्या जमिनीत पालाश 'कमी' ठरले आणि ॲपने त्याला पाव हिस्सा जास्त पोटॅश सुचविले.

याच शून्याने आणखी एक खोडी केली. सेंद्रिय कर्बाची चौकट मी साध्या मजकुराची ठेवली होती, त्यामुळे काहींनी मराठी कळफलकावरून देवनागरी अंक लिहिले. कोटलिनमधील पूर्णांक वाचणारी आज्ञा देवनागरी अंक ओळखते, दशांश वाचणारी ओळखत नाही. २८० चालले; ०.६२ वाचताच आले नाही, म्हणून ते रिकामे मानले गेले, आणि रिकामे म्हणून शून्य. चांगल्या कर्बाची जमीन कागदोपत्री नापीक झाली. आता आत येणारा प्रत्येक अंक आधी एकाच लिपीत बदलून घेतला जातो. जेथे माहिती नाही तेथे ॲप सरळ सांगते : या घटकाचा अहवाल उपलब्ध नाही, सर्वसाधारण शिफारस दाखवीत आहे.

हे सांगायचे कारण असे की भाषेने विचारलेला प्रश्न तांत्रिक वाटला तरी त्याचे उत्तर तंत्रज्ञाकडे नव्हते. अहवाल नसेल तर काय सांगायचे, हे ठरविणे कृषिविद्येचे काम आहे. एखाद्या शहरी कंपनीतील कुशल प्रोग्रामरने तेथे शून्य लिहिले असते तर त्याला दोष देता आला नसता. मी स्वतःच लिहिले होते.

दोनशे ऐंशीच्या दोन बाजू

सर्वांत अवघड प्रसंग त्यानंतर आला. जमिनीतील उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी असेल तर 'कमी', २८० ते ५६० 'मध्यम' आणि त्यापुढे 'जास्त' ही वर्गवारी आपण सर्वजण वापरतो. प्रचलित पद्धतीनुसार 'कमी' वर्गात शिफारशीच्या २५ टक्के जास्त आणि 'जास्त' वर्गात २५ टक्के कमी मात्रा देतो. पुस्तिकेत हे दोन ओळींत मावते. कोटलिनमध्येही ते सहज लिहिता येते. लिहिले, आणि वहीतील दोन उदाहरणे शेजारी शेजारी पाहिली. २७८ नत्र असलेल्या गव्हाच्या शेतासाठी शिफारस आली १५० किलो. २८२ असलेल्या शेतासाठी १२० किलो. अहवालात चार किलोंचा फरक आणि मात्रेत तीस किलोंचा, म्हणजे हेक्टरी सुमारे ६५ किलो युरिया. एकाच शेतातील दोन नमुन्यांत यापेक्षा अधिक फरक पडतो.

एवढी वर्षे मी हेच सांगत होतो का? नव्हतो. समोर शेतकरी असतो तेव्हा आपण आकडा पाहून म्हणतो, "सीमेवर आहे, शेणखत घातलंय ना, मग थोडं कमीच टाका." शिफारशीतील पायरी आपण बोलता बोलता घासून उतार करून टाकतो, आणि हे आपण करतो आहोत याची जाणीवही नसते. आज्ञावलीत 'थोडं' लिहिता येत नाही. किती थोडे, कोणत्या आकड्यापासून, शेणखत किती टन घातले असता, हे सगळे विचारले जाते.

उत्तर शोधताना पुन्हा जुन्या कामाकडे गेलो. रामामूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडलेली अपेक्षित उत्पादनावर आधारित खतमात्रेची पद्धत आपण पदवीच्या वर्गात शिकतो आणि विसरतो. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पातून पुढे अनेक पिकांसाठी व जमिनींसाठी अशी समीकरणे तयार झाली. अपेक्षित उत्पादनाला एका गुणकाने गुणायचे आणि जमिनीतील उपलब्ध अन्नद्रव्याला दुसऱ्या गुणकाने गुणून वजा करायचे, असे त्यांचे रूप. शेणखतासाठी वेगळी वजाबाकी असते. त्यात पायरी नाही. २७८ आणि २८२ यांच्या उत्तरांत किरकोळ फरक येतो. कागदावर किचकट वाटणारे हे समीकरण आज्ञावलीत एका ओळीचे आहे. फोन हे साधन जणू त्यासाठीच बनले असावे, असे मला त्या संध्याकाळी वाटले.

तरीही सावधगिरी हवी. समीकरण ज्या जमिनीवर, ज्या पल्ल्यातील आकड्यांवर तपासले गेले त्याबाहेर ते वापरू नये. उत्साही शेतकऱ्याने अवास्तव उत्पादनाचे लक्ष्य टाकले तर समीकरण तेवढ्याच निष्ठेने अवास्तव खत सांगते. सुपीक जमिनीत उत्तर ऋणही येते. म्हणून लक्ष्याला वरची मर्यादा आणि मात्रेला खालची मर्यादा घातली. आपल्या भागासाठी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेले समीकरण नसेल तेथे जुनी वर्गवारीच ठेवली आहे, आणि आकडा सीमेजवळ असेल तर 'केंद्राशी बोलावे' असे लिहिले आहे. हे उत्तर अपुरे आहे हे मला मान्य आहे.

गोण्या, शब्द आणि दुकान

किलोंत उत्तर देऊन भागत नाही, गोण्यांत द्यावे लागते. येथे आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही साधने आता खरोखर उपयोगी आहेत. मला अडलेल्या कित्येक जागा त्यांनी मिनिटांत सोडविल्या. गोण्यांचा हिशेब त्यातील एकाकडून लिहून घेतला तेव्हा त्याने सर्व खतांची गोणी ५० किलोची धरली. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, आणि गंधकयुक्त युरिया गोल्डची ४० किलोची असून त्यात नत्र ३७ टक्केच असते. आज्ञावली निर्दोष होती, शेती चुकीची होती. खताचे नाव, अन्नद्रव्यांचे प्रमाण आणि गोणीचे वजन या गोष्टी सूत्रात न मिसळता वेगळ्या तक्त्यात ठेवाव्यात, हे तेव्हापासून पाळतो. धोरण बदलले की फक्त तक्ता बदलायचा.

मजकुराचेही तसेच. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक भाषेचे शब्द स्वतंत्र कप्प्यात ठेवता येतात. फोनची भाषा मराठी असेल तर मराठी कप्पा उघडतो, कन्नड असेल तर कन्नड. आमच्या गटातील निम्म्या घरांत कन्नड बोलली जाते, त्यामुळे दुसरा कप्पा सहकाऱ्यांनी भरून दिला. मराठीत मी पुस्तिकेप्रमाणे 'पालाश' लिहिले होते. त्यावर एका काकांनी विचारले, "पालाश म्हणजे कोणतं औषध?" आता 'पालाश', आणि लगेच खाली 'पोटॅश' असे दोन्ही शब्द आहेत. जुन्या पुस्तिकांतील मजकूर थेट उचलण्याचा मोह टाळावा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली अक्षरे फोनवर अनाकलनीय होतात आणि रूपांतरात जोडाक्षरे हरवतात.

गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरून विकसक म्हणून नोंदणी करावी लागते. नव्या वैयक्तिक खात्यांना सर्वांसाठी प्रकाशन करण्याआधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. ही अट अनेकांना जाचक वाटते. मला ती पथ्यावर पडली : बारा शेतकरी, दोन आठवडे, आणि प्रत्येकाला आपल्याच शेताचा हिशेब वहीत लिहून आणण्याची विनंती. शिवाय दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेत ॲप अद्ययावत ठेवावे लागते, नाही तर नव्या फोनधारकांना ते दिसेनासे होते. प्रकल्पाचा निधी संपला की बंद पडणारी कृषी ॲप आपण सर्वांनी पाहिली आहेत. पुढची तीन-चार वर्षे सांभाळायची तयारी नसेल तर सुरू करू नये.

आमच्या ॲपमध्ये शेतकऱ्याचे नाव, फोन क्रमांक, गट क्रमांक यांपैकी काहीही विचारले जात नाही. अहवालाचे आकडे फोनमधल्याच छोट्या माहितीसंचात राहतात. इंटरनेट वापरण्याची परवानगीच मागितलेली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे हे एक कारण. दुसरे असे की गोण्या मोजण्यासाठी कोणाचा फोन क्रमांक लागत नाही.

त्या बारा परीक्षकांमध्ये पोटॅशचे शून्य दाखविणाऱ्या ताई पहिल्या होत्या. चौदा दिवसांनी त्यांनी वही परत दिली ती एका नव्या प्रश्नासह : "डीएपी मिळालंच नाही आणि सुपर फॉस्फेट घेतलं तर?" सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असते, म्हणजे हेक्टरी ३७५ किलो, साडेसात गोण्या. त्यातून नत्र मिळत नाही, म्हणून युरिया २१० वरून २६१ किलोंवर जातो. गंधक मात्र सोबत मिळते, आणि ज्यांच्या पत्रिकेत गंधक कमी आहे त्यांना ते हवेच आहे. दुकानात त्या दिवशी काय शिल्लक आहे यावर शिफारस वळवायची, तर आज्ञावलीत आणखी एक वाट काढावी लागणार. सहकाऱ्यांनी त्यासाठी वहीत बारा उदाहरणे लिहून दिली आहेत. त्यांपैकी चारांची उत्तरे अजून ॲपशी जुळत नाहीत.